शनिवारचं अक्षर

बाई,

आज शनिवार आहे, म्हणून लिहायला बसले. आठवड्याचे सहा दिवस लिहायचं काम तुमचं आणि शनिवारचं माझं, ही वाटणी तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी हाताने सोडलेली नाही. आता लिहायला असं काही नसतं. दुधाचं कॅलेंडर, औषधांची यादी. पण तीसुद्धा शनिवारीच लिहिली जाते.

तुमच्या प्रसूतिगृहाची अकरा रजिस्टरं परवा, सोमवारी जायची आहेत. ठाण्याहून एक मुलगी येते आहे महिनाभर. तुमच्याच समाजातली आहे. तुमच्या लोकांचे दवाखाने, प्रसूतिगृहं, डॉक्टर, नर्सेस यांचे कुठे कुठे पडून राहिलेले कागद ती गोळा करते. बरेचसे घरातले लोक परदेशी गेले आणि कागद माळ्यावर राहिले, काही रद्दीत गेले, असं ती सांगते. आधी सगळ्यांचे फोटो काढायचे, मग मूळ वह्या थंड खोलीत, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, असं तिचं काम. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेतून पहिलं रजिस्टर काढलं तेव्हा तिने हातमोजे घातले. मला हसू आलं. त्या रजिस्टरवर एरंडेलाचे, आयोडीनचे, चहाचे सगळ्यांचे डाग आहेत, आणि ही हातमोजे घालते.

त्यातल्या सातव्या रजिस्टरात एका पानाच्या समासात तुम्ही लाल शाईने लिहिलं आहे, 'नोंद चुकली. चूक माझी.' खाली सही. ते वाक्य खरं नाही, बाई. ते तसंच जाऊ द्यायचं की नाही, हे मला सोमवारच्या आत ठरवायचं होतं. म्हणून हे पत्र.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील शाळेत शिक्षक, त्यांनी तुमच्या कानावर घातलं होतं की मुलीचं अक्षर चांगलं आहे आणि ती बोलत फारशी नाही. दुसरा गुण तुम्हाला जास्त आवडला असावा. पहिल्या दिवशी मी आत येताना दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली ती पितळी नळी पाहिली आणि कुणीतरी थर्मामीटर तिथे अडकवून विसरलं असं समजून काढायला गेले. तुम्ही आतून ओरडलात, "अगं, ते देवाचं आहे. ताप बघायचा नाही त्याने." मग त्यात चामड्यावर प्रार्थना लिहिलेली असते, ती घराची राखण करते, हे तुम्ही समजावलंत, आणि दिवसभर येईल त्या बाळंतिणीला सांगत राहिलात, "ही आमची नवी क्लार्कबाई. देवाचा ताप बघते."

घरी आईला सुरुवातीला काळजी होती. ज्यू म्हणजे नेमकं कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही रेवदंड्याकडच्या, घरात मराठीच बोलता, पूर्वी तुमच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं, हे मी सांगितलं तेव्हा ती जरा सैलावली. तुमच्याकडे दुधाची भांडी वेगळी आणि मटणाची वेगळी, एकाला दुसरं लागू देत नाहीत, हे कळल्यावर तर ती म्हणाली, "म्हणजे तिच्याकडेही सोवळं आहे म्हणायचं." त्यानंतर तुम्ही दिलेला मलिदा आमच्या घरात चालू लागला. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि वर फळांच्या फोडी. अडलेली बाळंतीण सुटली की तुम्ही नवस फेडल्यासारखा तो करायचात. आईने एकदा तसा करून पाहिला, पण पोहे फार भिजले.

पहिल्याच आठवड्यात मी तुमची बोलणी खाल्ली. डोंगराकडच्या पाड्यावरून एक बाई आली होती. मी रजिस्टरात नावाच्या रकान्यात 'आदिवासी स्त्री' असं लिहिलं, आणि पुढे नवऱ्याचं नाव. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. त्या चष्म्याला मागून काळा दोरा बांधलेला असायचा. "तिला नाव नाही का?" मी म्हटलं, ती सांगत नव्हती, लाजत होती. "मग तिच्यापाशी बस. सांगेपर्यंत बस. आणि आधी आईचं नाव लिहायचं, मग बापाचं. बाप आला होता का खोलीत?" मी जाऊन बसले. पाऊण तासाने तिने नाव सांगितलं. ती ठाण्याची मुलगी सगळ्या रजिस्टरांमधलं हेच पुन्हा पुन्हा दाखवते. आधी आईचं नाव, असं तिने दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही म्हणे. मी तिला सांगितलं नाही की त्यामागे माझी कानउघाडणी आहे.

आणि शनिवारचा तो डबा. शुक्रवारी जुम्म्यासाठी आपल्या गल्लीतले कापडाचे लूम बंद असायचे, ती शांतता संध्याकाळी कधी तुमच्या शांततेला मिळायची ते कळायचं नाही. सूर्य मावळायच्या आधी तुम्ही दोन वाती लावायच्या, पेन खणात ठेवायचं आणि खणाची किल्ली माझ्या हातात द्यायची. तेव्हापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत तुमच्या हाताने अक्षर लिहायचं नाही. बाळंतपण करायला मुभा होती. जीव वाचवायचा तर सगळे नियम बाजूला, असं तुमच्या धर्मात सांगितलेलं आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण रजिस्टर लिहिल्याने कुणाचा जीव वाचत नाही. तारे दिसल्यावर तुम्हाला लिहिता आलं असतं, पण तेवढ्यात एखादी नवी केस यायची आणि लिहायचं राहून जायचं. म्हणून तो मिसळणाचा डबा. लेबर रूमच्या बाहेर खिडकीत ठेवलेला, सात वाट्यांचा, मसाल्याचा वास न गेलेला. सहा वाट्या म्हणजे सहा खाटा. सुपारी म्हणजे मुलगा, चिंचोका म्हणजे मुलगी. जितकी मिरी तितके वाजलेले. मधल्या सातव्या वाटीत हा सगळा माल भरलेला. आणि मूल राहिलं नाही तर त्या खाटेची वाटी उलटी.

मी विचारलं होतं तुम्हाला, की मला नुसतं सांगा ना, मी लगेच लिहीन. तुम्ही म्हणालात, "स्वतः करायचं नाही ते दुसऱ्याकडून सांगून करून घ्यायचं, ही पळवाट झाली. मी तुला लिही म्हणत नाही. डबा तिथे आहे, रजिस्टर इथे आहे, तू शहाणी आहेस." आणि हसलात. मग संध्याकाळी मी डबा घेऊन बसायची आणि वाट्या वाचून नोंदी करायची. रविवार ते शुक्रवार तुमचं अक्षर, उजवीकडे कललेलं, डॉक्टरी. शनिवारी माझं, वळणदार, शाळेतल्या फळ्यासारखं. पुढे तुम्ही कधी ते तपासलं नाही. सोमवारी नगरपालिकेत जायच्या कागदांवर गठ्ठ्याने सह्या करायच्या. मला तो विश्वास वाटायचा. अजूनही तोच शब्द आहे माझ्याकडे.

तुमचे दोघे भाऊ इस्रायलला गेले. पत्रं यायची, या म्हणून. तुम्ही एकदा मला वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "तिकडच्या बायका कळा हिब्रूत देतात. मला कसं कळणार कुठवर आलंय ते?" आपली आया, मावशी, फरशी पुसत होती. ती म्हणाली, "कळा समद्या बायांच्या येकच हायत, बाय. तुमालाच जायाचं न्हाय." तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "मावशी, तू फरशी पूस."

आता त्या शनिवारचं. मला ते टाळून इतकं पुढे येता आलं, यातच काय ते आलं.

चौथ्या खाटेवर वडप्याच्या वरच्या पाड्यावरची बाई होती. पहिलटकरीण. रात्रभर कळा देऊन सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली. बाई ग्लानीतच होती. बारा वाजता मी आत डोकावले तर मावशीने ती मुलगी माझ्या हातात दिली, "धरा जरा, मी पानी तापवते." मी याआधी तिथलं मूल कधी हातात घेतलं नव्हतं. माझं काम कागदांचं. दाट केस होते तिला, आणि डाव्या कानापाशी थोडी लव. तिने माझं बोट धरलं नाही, सगळे सांगतात तसं काही झालं नाही. ती फक्त होती. कोमट. मग मी घरी जेवायला गेले. आईला बरं नव्हतं, म्हणून परत यायला पाच वाजले. तुम्ही आतल्या खोलीत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसला होतात. मावशी घरी गेली होती. खिडकीत डबा होता आणि चौथी वाटी उलटी होती.

मी ती सरळ केली. मधल्या वाटीतून एक चिंचोका घेऊन तिच्यात टाकला, दहा मिरी मोजून टाकली, आणि रजिस्टरात लिहिलं. आईचं नाव, बापाचं नाव, मुलगी, सकाळी दहा, जिवंत.

रविवारी माझी सुट्टी. त्या दिवशी ती बाई घरी गेली. तिच्या नवऱ्याने शनिवारीच, मी घरी असताना, मूल फडक्यात गुंडाळून नेलं होतं आणि नदीकाठी पुरलं होतं. सोमवारी मावशीने मला बोलता बोलता सांगितलं, "चौथीची पोर गेली ना. साडेतीनला." मी हो म्हटलं. कागदांवर तोवर तुमच्या सह्या झाल्या होत्या आणि ते नगरपालिकेत गेले होते. ते परत मागायचे तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता ते पान खाली गेलं आणि त्यावर दुसरी पानं आली. रजिस्टर असं असतं. पान उलटलं की दिसत नाही.

सहा वर्षांनी चौथ्या खाटेवरची ती बाई परत आली. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा सूप पीत होतात, बाहेरच्या टेबलावर. तिच्या हातात शाळेचा कागद होता. पाड्यावर मास्तर आले होते पटाच्या यादीसाठी, सहा वर्षांची मुलं शोधत. नगरपालिकेच्या जन्मनोंदींवरून केलेल्या त्यांच्या यादीत तिची मुलगी होती. मास्तर तिला रागावले होते, पोरीला शाळेत का घालत नाहीस, कामाला लावलीस का म्हणून. तिचा नवरा त्याआधीच वारला होता.

ती दारातच पायरीवर बसली. म्हणाली, "बाय, माजी पोर कागदावर हाय. मास्तर म्हनतो ती जिती हाय. मी तिला बघितली न्हाय. घरधन्यानं नेली ती गुंडाळून. त्यानं खरंच पुरली का कुनाला दिली? तुमी तिला कुटं ठेवली?"

तुम्ही मला सातवं रजिस्टर आणायला सांगितलंत. मी ते आणलं. तुम्ही पान काढलंत. माझं अक्षर होतं, वळणदार. तुम्ही तारीख पाहिलीत आणि मग माझ्याकडे पाहिलंत. मी सूपच्या वाटीकडे पाहत होते. आता तुम्ही विचाराल आणि मी सांगेन, असं मी मनात म्हणत होते. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगू शकते. तुम्ही विचारलं नाही. तुम्ही तिला म्हणालात, "सही माझी आहे. मी वाटी उलटी घालायला विसरले असेन. तुझी मुलगी साडेतीनला गेली. माझ्या हातात गेली. कुणी कुणाला दिली नाही."

"मग ह्यो कागद खोटं बोलतो?"

"हो. कागद खोटं बोलतो. माझ्यामुळे."

तिने हातातला कागद मांडीवर ठेवला. मग विचारलं, "केस व्हते का तिला?"

"होते. दाट होते."

"रंग?"

"तुझाच."

ती संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर बसून होती. मावशीने तिला चहा दिला, तो तिने प्याला. मी तिथून आठ पावलांवर टेबलाशी होते. कानापाशी लव होती, असं मी तिला सांगू शकले असते. त्या मुलीला उचललेली माणसं जगात आता तीनच होती आणि त्यातली एक मी. पण ते सांगितलं असतं तर मी तिला कधी पाहिलं, आणि मग काय केलं, हेही आलं असतं. जाताना तिने मास्तरांचा कागद घडी करून परत कमरेला खोचला. तो कागद तिने तुम्हाला दिला नाही. तुम्ही मागितलाही नाही. मग तुम्ही लाल शाईने समासात ते लिहिलंत आणि नगरपालिकेत स्वतः गेलात, नोंद दुरुस्त करायला.

इतकी वर्षं मी मनाला समजावत आले की तुम्हाला कळलं होतं. तुम्ही मला वाचवायला ते बोललात, मला न विचारणं हीच तुमची शिक्षा होती आणि तीच माफी होती. हे मानणं सोपं होतं. पण तसं नव्हतं, आणि ते मला त्याच वर्षी दिसत होतं. तुम्ही हात धुऊन परत धुवायला लागलात. "मी टाके मोजले का गं?" असं मावशीला विचारायला लागलात. एका शनिवारी वाटी उलटी घातल्यावर तुम्ही मावशीला बोलावून ती दाखवलीत, "बघ, उलटी आहे ना?" मावशी म्हणाली, "उलटी हाय, बाय, मला काय इचारता." दुसऱ्या वर्षी तुम्ही अवघड केसेस ठाण्याला पाठवू लागलात, मग सगळ्याच. एक दिवस म्हणालात, "जी बाई कोण जिवंत आणि कोण नाही हे विसरते, तिने हा धंदा करू नये." मी तेव्हा रजिस्टरावर वर्तमानपत्राचं कव्हर घालत होते. मी कव्हर घालत राहिले.

पाटी उतरवली त्या दिवशी तुम्ही चौकटीवरची ती पितळी नळी स्वतः काढलीत, ओठांना लावलीत आणि पर्समध्ये ठेवलीत. मला अकरा रजिस्टरं दिलीत. "भाऊ याचं काय करणार, त्यांना मराठी वाचायलाही येत नाही आता. तुझ्याकडे राहू दे. तुझंही अक्षर आहे त्यात." आणि तो डबा दिलात, कारण मी म्हटलं तो मला हवा. वर्षाच्या आत तुम्ही गेलात. ठाण्याच्या दफनभूमीत मी आणि मावशी फाटकाशी उभ्या होतो. पुरुष प्रार्थना म्हणत होते. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण त्या भाषेत तुम्ही शनिवारी हळू आवाजात जे म्हणायचात त्याची चाल ओळखू आली. मावशी म्हणाली, "बायचं डोकं शेवटी गेलं म्हनत व्हते लोक. मला न्हाय वाटत." मी तिलाही काही म्हटलं नाही. तीही आता नाही.

प्रसूतिगृहात आता ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे तागे ठेवतात. पायरी तेवढी आहे.

त्या ठाण्याच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. हुशार आहे. लॅपटॉपवर फोटो पुढे-मागे करता करता मला म्हणाली, "मावशी, यात दोन अक्षरं आहेत. आणि दुसरं फक्त शनिवारी येतं. बघा ना, प्रत्येक शनिवारी. म्हणजे त्या शबाथ पाळत होत्या आणि तरी हॉस्पिटल चालू होतं. हे किती भारी आहे, कळतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, हो.

"हे दुसरं अक्षर कुणाचं?"

मी म्हटलं, "होती एक क्लार्क."

"नाव आठवतं?"

"बघते आठवून."

ती मला रोज चहाच्या वेळी मावशी म्हणते, माझ्या हातचे पोहे खाते, आणि मी तिला असं सांगितलं. मग ती त्या पानावर आली. लाल शाई पाहून थांबली. म्हणाली, "किती प्रामाणिक बाई. कोण लिहितं असं स्वतःविरुद्ध?" आणि मग, जरा वेळाने, कामाच्या आवाजात, "उतरत्या वयात स्मरणशक्तीचा त्रास होता का त्यांना? तसं वाटतंय. मी टिपणात घालू का?"

ते टिपण त्या वहीबरोबर राहणार. थंड खोलीत, आम्ल नसलेल्या कागदात. तुमच्या लोकांच्या डॉक्टरांविषयी कुणी वाचायला येईल, तेव्हा तुमच्याबद्दल एवढं वाचेल. आधी आईचं नाव लिहायची, शनिवारी लिहायची नाही, आणि शेवटी विसरायला लागली होती.

गेल्या मंगळवारी मी वडप्याला गेले. त्या बाईला शोधायला. काय सांगणार होते ते ठरवलं नव्हतं, बहुतेक ती कानापाशीची लव. रिक्षावाल्याने हायवेला सोडलं. तिथून वरचा पाडा दिसायचा असं मावशी सांगायची. आता सगळीकडे निळ्या पत्र्यांची गोदामं आहेत आणि कंटेनर वळवायला केलेले मोठे चौक. एका फाटकावरच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, यहाँ पाड़ा-वाड़ा कुछ नहीं है. गेट नंबर बताओ, कौन से गेट पे जाना है?" मी म्हटलं, गेट नाही, एक बाई आहे. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, दोन झाडूवाल्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, ती माणसं कवाच उठून गेली, कुठं ते न्हाय ठाव. मी पाणी पिऊन परत आले. येताना वाटलं की निदान ती मास्तरांचा कागद घेऊन गेली असेल.

मग तिला सांगता येत नाही तर वहीत सांगावं, असं ठरवून काल मी त्या मुलीला फोन केला. विचारलं, एका पानावर एक ओळ लिहू का. ती घाबरलीच. "नाही नाही, मावशी, प्लीज. आता त्यात एक टिंबसुद्धा नको. जसं आहे तसंच राहिलं पाहिजे, नाहीतर त्याला अर्थच नाही. तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, सोमवारी बोलू. ती म्हणाली, "मी फॉर्म ठेवलाय बघा तुमच्याकडे. त्यात लिहा. तोही वहीसोबतच जाणार आहे."

तो फॉर्म समोर आहे. 'वह्या कोणाकडून मिळाल्या', तिथे मी कालच नाव घातलं. 'नोंदी कोणी केल्या' हा रकाना मोकळा होता. आज दुपारी भरला. तुमचं नाव, आणि पुढे: शनिवारच्या सर्व नोंदी, माझं नाव. खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा आहे, तिथे अक्षर बारीक करून लिहिलं. सातव्या रजिस्टरातली ती नोंद मी चुकीची केली. डॉक्टरबाईंनी वाटी उलटी घातली होती, ती मी सरळ केली. त्या काही विसरल्या नव्हत्या. त्यापुढे थोडी जागा उरली, म्हणून लिहिलं, मुलीला दाट केस होते आणि डाव्या कानापाशी लव होती. फॉर्ममध्ये असं लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. खाली सही केली. इतक्या वर्षांत मी शनिवारची एकही नोंद माझ्या सहीने केली नव्हती.

वाटी का सरळ केली, त्याला दोन ओळी पुरत नाहीत, म्हणून ते इथे. आधी मी मनाशी म्हणायचे, सवय. आमच्या घरात उलटं भांडं राहू देत नाहीत. मग म्हणायचे, बाईंचाच हात चुकला असेल असं वाटलं, मी तर दुपारी मूल धरलं होतं. आणि वर असंही म्हणायचे, की शनिवारी तुम्हाला विचारणं म्हणजे तुमच्याकडून सांगून घेणं, ते आपल्यात चालत नव्हतं. तसा नियम नव्हता, बाई. चौथीची मुलगी कशी आहे, एवढं विचारायला कुठल्याही वारी बंदी नव्हती. तुम्ही पाच पावलांवर होतात, दार उघडं होतं. वाटी उलटी म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही, आणि न विचारता तिला जिवंत लिहिलं. ती सहा वर्षं तशीच राहिली.

हे पत्र त्या फॉर्मबरोबर द्यायचं नाही. ते ट्रंकेत राहील. ट्रंक सोमवारपासून रिकामीच असणार आहे.

आणि एक. ती मुलगी त्या डब्याबद्दल तीनदा विचारून गेली. कुणाकडून तरी तिने ऐकलं होतं की डॉक्टरबाईंची काहीतरी खुणांची पद्धत होती. वस्तू मिळाली तर फार बरं होईल म्हणाली. मी सांगितलं, हरवला. तो माझ्या ओट्यावर आहे. पाच वाट्यांत मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी आहे आणि मधल्या वाटीत अजून तुमचे चिंचोके आहेत. चौथी वाटी मी वापरत नाही. ती उलटी असते.